जेटच्या आधी व्हेंच्युरी : एमजीबीवरील ४५ वेबर कार्बोरेटरची जुळणी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी १९६४ सालची एमजीबी, इंजिन तीन मेन बेअरिंगचे, ४० थाऊ (इंचाचे हजारावे भाग) बोअर केलेले, कॅमशाफ्ट रस्त्यावर चालवण्यासारखी सौम्य. आधीच्या मालकाने मूळचे एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर काढून खोक्यात ठेवले आणि त्यांच्या जागी एकच वेबर ४५ डीसीओई १५२ बसवला. त्यात आज व्हेंच्युरी ४०, मेन जेट (भारावर पेट्रोल देणारे छिद्र) १६०, एअर करेक्टर (त्या पेट्रोलात हवा सोडणारे छिद्र) १७५, इमल्शन ट्यूब (ज्या नळीत ही हवा मिसळते ती) एफ१६ आणि आयडल जेट (मंद चालीचे पेट्रोल देणारे छिद्र) ६०एफ६ आहेत. नाशिक शहरात फिरवल्यावर प्लग काळे पडतात, २२०० ते ३००० आरपीएमच्या दरम्यान गाडी झटके खाते, ४००० च्या पुढे मात्र छान खेचते, आणि कसाऱ्याहून इगतपुरीकडे घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये नॉकिंग, म्हणजे इंजिनातला ठोक्यांचा आवाज, ऐकू येते. आपण १४५ ते १६५ पर्यंतचे मेन जेट विकत आणले आहेत आणि त्यांतला कोणता बसवावा, असे विचारले आहे. सोबत मित्राने दिलेली जेटांची यादीही आहे.

माझे स्पष्ट मत असे की आपण दिलेल्या लक्षणांपैकी एकही मेन जेटचे नाही. ती ४० च्या व्हेंच्युरीची आहेत, आणि ती बदलेपर्यंत आणलेल्या पाचही जेटांपैकी एकही आपल्याला समाधान देणार नाही. याचे कारण सविस्तर सांगतो, कारण ते एकदा पटले की पुढची निवड आपली आपणच करू शकाल.

आधी शब्दाचा एक घोळ दूर करू. वेबरच्या इंग्रजी तक्त्यांत ज्याला चोक म्हणतात, ती आपल्या गॅरेजातली थंड इंजिन सुरू करताना ओढायची चोक नव्हे. घशात बसणारी, मध्ये आवळत गेलेली ती अॅल्युमिनियमची बांगडी म्हणजे व्हेंच्युरी, आणि ३६ किंवा ४० हा तिच्या सर्वांत अरुंद जागेचा मिलिमीटरमधला व्यास. हवा या अरुंद जागेतून वेगाने जाते तेव्हा तिथला दाब उतरतो आणि त्या ओढीने मेन जेटमधून पेट्रोल वर येते. म्हणजे मेन जेट स्वतःहून काहीच देत नाही, व्हेंच्युरीने मागितले तर आणि तेवढेच देतो. ही ओढ हवेच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, आणि वेग क्षेत्रफळाच्या व्यस्त प्रमाणात. तेवढीच हवा ४० ऐवजी ३६ च्या व्हेंच्युरीतून नेली तर वेग सुमारे २३ टक्क्यांनी आणि ओढ जवळपास दीडपट वाढते. व्यासात फरक केवळ ४ मिलिमीटरचा, पण ज्या आरपीएमवर मेन सर्किट जागे होते तो आकडा या फरकाने बराच खाली येतो.

आता आपल्या लक्षणांकडे पाहा. डीसीओई कार्बोरेटरमध्ये थ्रॉटल जवळजवळ बंद असताना इंजिन आयडल सर्किटवर चालते. थ्रॉटल उघडू लागला की बटरफ्लायची (थ्रॉटलच्या फिरत्या चकतीची) कड प्रोग्रेशनच्या बारीक छिद्रांवरून सरकते आणि त्यांतून तेच आयडल जेटचे पेट्रोल अधिक प्रमाणात येते. त्यानंतर मेन सर्किट सुरू व्हायचे आणि आयडलने हळूहळू माघार घ्यायची, अशी ही हातमिळवणी आहे. ४० च्या व्हेंच्युरीत २२०० आरपीएमला ओढ इतकी कमी असते की मेन सुरूच होत नाही, आणि प्रोग्रेशनची छिद्रे तोवर आपले देणे देऊन संपलेली असतात. मध्ये जी दरी पडते, तिथे मिश्रण पातळ होते आणि गाडी झटके खाते. आधीच्या मालकाने ही दरी बुजवण्यासाठी आयडल जेट जाड करत नेला असावा, कारण ६०एफ६ हा सहजासहजी कोणी निवडत नाही. एफ६ हे हवेच्या छिद्राचे सर्वांत रिच, म्हणजे मिश्रणात पेट्रोल अधिक ठेवणारे, टोक आहे. त्याने दरी भरली नाही, पण शहरातले सगळे चालणे त्या आयडल जेटवरच होत असल्याने प्लग काळे पडू लागले. घाटातही हेच होते. तिसरा गिअर, २५०० आरपीएम आणि थ्रॉटल पूर्ण उघडा, म्हणजे इंजिनावर भार सर्वाधिक, हवेचा वेग कमी आणि मेन अर्धवट जागा. पातळ मिश्रण आणि मोठा भार एकत्र आले की नॉकिंग होणारच. ४००० च्या पुढे हवाच इतकी जाते की ४० ची व्हेंच्युरीसुद्धा नीट ओढते, म्हणून तिथे गाडी आपल्याला आवडते.

खात्री करायची असेल तर गॅरेजमध्ये एअर फिल्टर काढून, इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, एका व्यक्तीला अगदी सावकाश आरपीएम वाढवायला सांगा आणि आपण बाजूने टॉर्चचा प्रकाश घशात टाका. मधल्या छोट्या व्हेंच्युरीच्या कडेला आधी एखादा थेंब लोंबताना दिसतो, मग तो फाटतो, आणि मग पेट्रोलची बारीक धुकट शेपटी आत ओढली जाऊ लागते. ती शेपटी दिसू लागली की मेन सुरू झाला. विनाभार हा क्षण रस्त्यापेक्षा उशिरा येतो, तरी दोन व्हेंच्युरींची तुलना करायला ही पद्धत उत्तम आहे. चेहरा कधीही घशासमोर धरू नका. पातळ मिश्रणावर इंजिन उलट फुटले तर ज्वाला नेमकी तिथूनच बाहेर येते.

मात्र व्हेंच्युरी मागवण्यापूर्वी इग्निशन आणि हवेची गळती तपासणे बंधनकारक समजा. कार्बोरेटरच्या नावावर खपवलेल्या निम्म्या तक्रारी डिस्ट्रिब्युटरच्या असतात. या इंजिनासाठी पॉइंटची फट ०.०१४ ते ०.०१६ इंच, थंड इंजिनावर टॅपेट ०.०१५ इंच, प्लगची फट ०.०२५ इंच आणि स्थिर टायमिंग टॉप डेड सेंटरच्या १० अंश आधी. स्ट्रोब लाइट लावून आरपीएम वाढवताना टायमिंग सरळ वाढत जाते की मध्येच अडखळते, हे पाहा, कारण साठ वर्षांच्या डिस्ट्रिब्युटरमधले वजनांचे स्प्रिंग बहुधा ताणलेले असतात आणि टायमिंग लवकर पुढे गेले तर घाटातली नॉकिंग त्यानेही होते. वेबर बसवताना अनेकदा व्हॅक्यूम अॅडव्हान्सची (कमी भारावर ठिणगी लवकर पाडणाऱ्या यंत्रणेची) नळी जोडायला जागाच ठेवली जात नाही. तसे असेल तर मॅनिफोल्डवर जागा करून ती जोडून घ्या, कमी भारावर इंजिन थंड आणि काटकसरीने चालण्यात तिचा मोठा वाटा आहे.

गळतीबाबत वेबरची एक खास खोड आहे. हा कार्बोरेटर मॅनिफोल्डला घट्ट आवळायचा नसतो. मध्ये रबरी ओ-रिंगची पट्टी असते आणि नटाखाली दुहेरी वेटोळ्याचे स्प्रिंग वॉशर, आणि त्या वेटोळ्यांत साधारण अर्धा मिलिमीटर फट राहिली पाहिजे. आमच्याकडे येणाऱ्या अनेक गाड्यांत हे नट पान्याला जोर देऊन आवळलेले असतात. मग चार सिलिंडरच्या इंजिनाचा कंप थेट फ्लोटच्या कपात जातो, पेट्रोलला फेस येतो आणि फेस जेटमधून गेला की मिश्रण पातळ होते, तेही नेमके एखाद्या ठरावीक आरपीएमवर. लक्षण हुबेहूब आपल्यासारखे. दहा मिनिटांचे हे काम आधी करा.

पेट्रोलचा दाबही बघून घ्या. डीसीओईला दर चौरस इंचाला अडीच ते तीन पाउंड पुरतात आणि साडेतीनच्या वर फ्लोटची सुई दाब धरत नाही. एमजीबीचा मूळ एसयू पंप या मर्यादेत बसतो, त्यामुळे तो चालू असेल तर त्याला हात लावू नये. अलीकडच्या इंजेक्शन गाडीचा, सुमारे ३ बारचा पंप बसवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो स्वीकारू नका, तो दाब आपल्या गरजेच्या पंधरापट आहे. फ्लोटची उंची पितळी आणि प्लास्टिक फ्लोटला वेगवेगळी असते, म्हणून आपल्या कार्बोरेटरवर कोरलेला क्रमांक आणि फ्लोटचा प्रकार पाहूनच ती लावावी.

इतके झाल्यावर ३६ ची व्हेंच्युरी बसवा. बोअर केल्यावर आपले इंजिन १७९८ वरून सुमारे १८४५ सीसीचे झाले आहे, आणि मूळ गाडीची कमाल शक्ती, ९५ अश्वशक्ती, ५४०० आरपीएमला मिळत असे. सौम्य कॅमशाफ्टवर हा आकडा फार वर सरकत नाही. तिथवर ३६ ची व्हेंच्युरी इंजिनाला गुदमरवत नाही. ३८ किंवा ४० चा फायदा ६००० च्या पुढे टिकून राहणाऱ्या, शर्यतीच्या कॅमशाफ्टच्या इंजिनाला आहे, आणि गंगापूर रोडवर किंवा त्र्यंबकच्या वाटेवर आपण त्या आरपीएमला वर्षातून किती वेळ घालवणार?

आता आपण विचारलेल्या मेन जेटकडे येतो. जेटवरचा क्रमांक म्हणजे छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत, म्हणून १६० म्हणजे १.६० मिलिमीटर. सर्वत्र सांगितला जाणारा ठोकताळा असा की व्हेंच्युरीला चारने गुणावे म्हणजे मेन जेट मिळतो आणि त्यात ५० मिळवले की एअर करेक्टर. या हिशेबाने ३६ ला १४५ आणि १९५ येतात, आणि आपल्या मित्राने दिलेली यादी त्याच हिशेबाची दिसते. पण हा ठोकताळा प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र घसा असलेल्या इंजिनांवरून आला आहे, जसे दोन वेबर बसवलेले अल्फा रोमिओचे किंवा लोटसचे ट्विन कॅम इंजिन. एमजीबीच्या हेडमध्ये चार सिलिंडरना दोनच इनलेट पोर्ट आहेत, १ आणि २ चा एक, ३ आणि ४ चा एक. म्हणजे आपल्या वेबरचा प्रत्येक घसा दोन सिलिंडरना पुरवतो. स्वतंत्र घशात हवा धक्क्याधक्क्याने जाते, थोडी मागेही फिरते आणि व्हेंच्युरीतून पुन्हा जाताना पुन्हा पेट्रोल उचलते, त्यामुळे तिथे लहान जेट पुरतो. सामाईक घशात झोत तुलनेने अखंड असतो आणि हे जादा पेट्रोल मिळत नाही. म्हणून या इंजिनावर मी ठोकताळ्यापेक्षा पंधरा-वीस क्रमांक वरून, म्हणजे ३६ च्या व्हेंच्युरीला १६० पासून, विचार सुरू करतो.

हेच इंजिन आपल्याला अनोळखी वाटू देऊ नका. ज्या बी-सीरिज घराण्यातले हे १७९८ सीसीचे इंजिन आहे, त्याच घराण्यातले १४८९ सीसीचे इंजिन अॅम्बॅसेडरमध्ये वर्षानुवर्षे होते, आणि अॅम्बॅसेडरच्या टॅक्सी सांभाळलेल्या जुन्या मेकॅनिकला याचे हेड, टॅपेट आणि तेलाच्या वाटा तोंडपाठ असतात. असा माणूस शेजारी असेल तर त्याला जरूर सोबत घ्या.

१६० हा आकडा मात्र इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचा आणि समुद्रसपाटीचा आहे. आज आपल्या पंपावर मिळणारे साधे पेट्रोल ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेले, आहे. शुद्ध पेट्रोलचा एक किलो पूर्ण जाळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला केवळ ९ किलो, आणि ई-२० ला हिशेबाने सुमारे १३.५ किलो. म्हणजे तेवढ्याच हवेत साधारण ८ ते ९ टक्के अधिक इंधन जायला हवे. जेटमधून जाणारे इंधन छिद्राच्या क्षेत्रफळाप्रमाणे, म्हणजे व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलते, त्यामुळे व्यास साधारण ४ टक्क्यांनी वाढवावा लागतो. १६० चे १६६ झाले. उलट नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, इथली हवा सुमारे ६ टक्के विरळ आहे, आणि कार्बोरेटरचे मिश्रण घनतेच्या वर्गमुळाप्रमाणे बदलत असल्याने ते आपोआप ३ टक्के रिच होते. त्यासाठी व्यासातून दीड टक्का वजा केला की १६४ च्या आसपास येतो. म्हणून आपल्याकडच्या जेटांपैकी १६५ ने सुरुवात करा आणि सोबत १७० ची एक जोडी मागवून ठेवा. रिच बाजूने सुरुवात करून पायरी-पायरीने खाली यावे. पातळ बाजूने सुरुवात केली तर चूक कळेपर्यंत पिस्टनला इजा झालेली असू शकते.

उंचीची काळजी अनेकजण करतात, पण नाशिकच्या ऋतूंची करत नाहीत, आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. डिसेंबरच्या पहाटे इथे पारा १० अंशांच्या खाली जातो आणि मे महिन्यात दुपारी ४० ला टेकतो. १० आणि ४० अंशांच्या हवेच्या घनतेत सुमारे १० टक्के फरक असतो, म्हणजे मिश्रणात ५ टक्के. मुंबई ते नाशिक चढून आल्याने पडणाऱ्या फरकापेक्षा हा मोठा आहे. मे महिन्यात दुपारी अगदी काटेकोर लावलेली गाडी डिसेंबरच्या सकाळी पातळ वाटणार. म्हणून अंतिम जुळणी मी फेब्रुवारी किंवा ऑक्टोबरच्या हवेत, सकाळी दहा-अकराच्या सुमारास करतो, आणि नोंदवहीत प्रत्येक चाचणीपुढे तापमान लिहितो.

जेटच्या क्रमांकावर आंधळा विश्वास ठेवू नका, हे मी स्वतः किंमत देऊन शिकलो. काही वर्षांपूर्वी एका गाडीचे १ व २ सिलिंडरचे प्लग फिकट आणि ३ व ४ चे काळपट येत होते. दोन्ही मेन जेटांवर १६० कोरलेले, नवीन पाकिटातून काढलेले. मी मॅनिफोल्ड उतरवला, गॅस्केट बदलले, व्हॉल्व्ह तपासले, यात दोन आठवडे गेले. शेवटी सातपूरच्या एका टूलरूममधून पिन गेजचा संच आणला. एका जेटमध्ये १.६० ची पिन हलक्या बोटाने सरकली आणि १.६१ ची अडली, जशी अडायला हवी. दुसऱ्यात १.६५ ची पिन आरपार गेली. भिंगाखाली त्या छिद्राच्या भिंतीवर रीमर फिरल्याच्या गोल रेषा दिसत होत्या आणि तोंडाची उतरती कड एका बाजूला खाल्लेली होती. त्या दिवसापासून मोजल्याशिवाय जेट बसवत नाही. नाशिकमध्ये सातपूर-अंबडला पिन गेज असणाऱ्या टूलरूम आहेत, ही आपल्या गावाची मोठी सोय आहे, तिचा उपयोग करा. जेट तारेने साफ करू नका, पितळ मऊ असते. पेट्रोलमध्ये भिजवून हवा मारावी.

मेन जेटच्या आधी आयडल लावून घ्यावा लागतो, कारण आपले निम्म्याहून अधिक चालणे त्यावर होणार आहे. ६०एफ६ काढून ५५एफ९ बसवा. आपल्या १५२ मध्ये मिक्श्चर स्क्रू बारीक आट्यांचे आहेत, ते हलके टेकवून अडीच वळसे उघडा. थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू लिव्हरला टेकल्यापासून अर्ध्या वळशापेक्षा अधिक आत नेऊ नका, कारण तो अधिक आत गेला की बटरफ्लाय उघडी राहून प्रोग्रेशनची छिद्रे आयडललाच उघडी पडतात आणि मग मिक्श्चर स्क्रू कितीही फिरवला तरी फरक पडत नाही. दोन घशांतला हवेचा फरक याच मॉडेलवरच्या एअर बायपास स्क्रूने जुळवा. आता प्रत्येक मिक्श्चर स्क्रू सावकाश आत नेत इंजिन अडखळू लागते ती जागा शोधा आणि तिथून बाहेर येत सर्वाधिक आरपीएमची जागा धरा. ही जागा तीन वळशांच्या बाहेर आली तर आयडल जेट लहान आहे, दीडच्या आत आली तर मोठा. मोठा निघाला तर आधी ५५एफ८ वापरून पाहा, कारण एफ८ त्याच पेट्रोलला अधिक हवा देतो आणि बहुधा तेवढे पुरते. रस्त्यावर तपासताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवून १५०० पासून २८०० पर्यंत अगदी हळू पाय द्यावा. कार्बोरेटरमधून फट्-फट् असा आवाज येत असेल तर मिश्रण पातळ, आवाज दबका आणि जड असेल व मागे काळा धूर दिसत असेल तर रिच.

इथपर्यंत आल्यावर घाटाची चाचणी. शक्य असेल तर एक्झॉस्टमध्ये वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर बसवून घ्या, आजकाल तो आवाक्यात आहे आणि अंदाजाचे अनेक महिने वाचवतो. त्यावर मात्र हवा-इंधन गुणोत्तराचा आकडा न पाहता लॅम्डा पाहावा, म्हणजे त्या इंधनाला नेमकी लागणारी हवा १ धरली तर प्रत्यक्ष किती आहे ते. १ च्या खाली रिच, वर पातळ. सेन्सर खरे तर लॅम्डाच मोजतो आणि त्याला १४.७ ने गुणून आपल्याला गुणोत्तर दाखवतो, त्यामुळे ई-२० वर त्या आकड्याचा अर्थ लावताना मोठमोठे जाणकार फसलेले मी पाहिले आहेत. पूर्ण थ्रॉटलवर लॅम्डा ०.८६ ते ०.८८, सपाट रस्त्यावर सौम्य वेगात ०.९५ ते १.०० आणि आयडलला ०.९० च्या आसपास असावा. पूर्ण थ्रॉटलवर ३००० ते ४५०० पर्यंत आकडा सारखाच रिच किंवा पातळ असेल तर मेन जेट बदला. ३५०० ला बरोबर आणि ५००० च्या पुढे पातळ होत गेला तर एअर करेक्टर लहान करा, रिच होत गेला तर मोठा. एअर करेक्टरची पायरी मेन जेटइतकी तीव्र नसते, म्हणून १७५ वरून १७० करून परिणाम शोधत बसू नका, सरळ वीसने बदला. एफ१६ ट्यूब या आकाराच्या सिलिंडरला योग्य आहे, ती तशीच राहू द्या.

सेन्सर नसेल तर प्लग वाचावे लागतील, आणि इथे जुन्या माणसांनी शिकवलेला बिस्किटाचा रंग आता उपयोगाचा नाही. तो रंग शिसे असलेल्या पेट्रोलचा होता. आजच्या पेट्रोलवर चांगल्या जुळणीतही इन्सुलेटरचे टोक जवळजवळ पांढरे राहते. टोकाकडे न पाहता इन्सुलेटरच्या अगदी मुळाशी, तो धातूच्या कवचात उतरतो तिथे, भिंगाने पाहा. तिथे बारीक काळसर वलय असावे. नवे प्लग घालून, पूर्ण थ्रॉटलवर चढ चढत असताना एकाच वेळी क्लच दाबून इग्निशन बंद करावे आणि गाडी कडेला घेऊन प्लग काढावेत. हे काम मुंबई-आग्रा महामार्गावर करू नका, मागून येणाऱ्या ट्रकला आपला हेतू ठाऊक नसतो. एखादा मोकळा, कमी रहदारीचा चढ शोधा. आणि सामाईक पोर्टमुळे चारही प्लग एकसारखे येण्याचा आग्रह धरू नका. १ ची तुलना ४ शी आणि २ ची ३ शी करा.

व्हेंच्युरी आणि टायमिंग बरोबर करूनही घाटात नॉकिंग उरली, तर दोष पेट्रोलच्या ऑक्टेनला देऊ नका. ई-२० चे ऑक्टेन ९५ आहे आणि आपल्या इंजिनाचे कॉम्प्रेशन मूळ असेल तर ८.८ ला १. रस्त्यावरच्या एमजीबीला ते पुरते. अशा वेळी रेडिएटर, हेडमधला कार्बन आणि ब्लॉक बोअर करताना हेड किती घासले होते, याची चौकशी करा. इथेनॉलचा खरा त्रास दुसरीकडे आहे. जुन्या रबरी नळ्या आतून सोलवटतात आणि त्यांचे काळे कण थेट आयडल जेटमध्ये अडकतात, आणि गाडी महिना-महिना उभी राहिली की फ्लोटच्या कपात पाणी शोषलेले पेट्रोल पांढुरका थर सोडते. नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घ्या. एमजीबीत इनलेट आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला असल्याने कार्बोरेटर तापत्या एक्झॉस्टच्या वरच बसतो, आणि मे महिन्यात गाडी दहा मिनिटे थांबवून पुन्हा सुरू करताना जो त्रास होतो तो पेट्रोल उकळण्याचा असतो. मूळची पत्र्याची हीट शील्ड वेबर बसवताना काढून टाकली असेल तर ती पुन्हा करून घ्या.

राहिले खोक्यातले दोन एसयू. आपण ते विकावेत का, असेही विचारले आहे. विकू नका. सौम्य कॅमशाफ्टच्या, शहर आणि घाट दोन्ही करणाऱ्या या इंजिनावर मला स्वतःला दोन एचएस४ (हेच खोक्यातले एसयू) अधिक आवडतात, कारण त्यांत पिस्टन हवेच्या मागणीप्रमाणे वर-खाली होऊन घसा स्वतःच लहान-मोठा करतो आणि वर वर्णन केलेली दरी तिथे निर्माणच होत नाही. त्यांत जेट ०.०९० इंचाचा ठरलेला असतो आणि निवड सुईची करायची असते. आपल्या काळातल्या एमजीबीला प्रमाण सुई एमबी, रिच ६ आणि वीक (पातळ मिश्रणाची) २१ अशा होत्या. ई-२० साठी केवळ जेट खाली उतरवून भागत नाही. सुईचा वरचा टप्पा ०.०८९ इंचाचा असतो, म्हणजे आयडलला जेट आणि सुई यांच्यातली फट केसाएवढी. तिथे सुई ०.०८८ झाली की वाट जवळपास दुप्पट होते, तर वरच्या आरपीएमला, जिथे सुई बारीक झालेली असते, तोच बदल नाममात्र ठरतो. जेट उतरवून घाट सुधारायला गेलात तर आयडल काळा होईल. म्हणून सुई ६ घ्या, दोन्ही जेट कडेशी समतल करून नटाच्या बारा फ्लॅट (सपाट बाजू), म्हणजे दोन पूर्ण वळसे, खाली उतरवा आणि तिथून जुळवा. पिस्टन जेमतेम पाऊण मिलिमीटर उचलल्यावर आरपीएम क्षणभर किंचित वाढून पुन्हा स्थिरावले तर मिश्रण बरोबर आहे. वाढून तसेच राहिले तर रिच, लगेच पडले तर वीक. पिस्टनवरच्या डॅम्परमध्ये २० ग्रेडचे तेल असावे.

त्याआधी दोन्ही एसयूच्या थ्रॉटल स्पिंडलला बोटांनी वर-खाली हलवून पाहा. खडखड जाणवली तर तिथून हवा शिरते आणि कोणतीही सुई तिला पुरी पडणार नाही. बॉडी रीम करून पितळी बुश आणि नवीन स्पिंडल बसवणे हे सातपूरच्या चांगल्या टर्नरचे अर्ध्या दिवसाचे काम आहे. फक्त दोन्ही बाजूंची छिद्रे एकाच रेषेत रीम करायला सांगा, नाहीतर बटरफ्लाय एका कडेला अडकते आणि थ्रॉटल पूर्ण बंद होत नाही.